मुक्ताच्या घरची चतकोर

आमच्या घरात पाहुणे जेवून हात धुऊन बसले की कुणीतरी मला म्हणतं, आता तुमची ती भाकरीची सांगा. माझ्या बाकीच्या गोष्टी सुरू झाल्या की एकेकाला तहान लागते, कुणाला मोबाईल चार्जिंगला लावायचा आठवतो. या गोष्टीला मात्र सगळे बसून राहतात. कारण एकच, तिच्यात माझी फजिती आहे, आणि माझी फजिती माझ्या बायकोला आणि पोरांना वरण-भातापेक्षा जास्त आवडते. सांगून सांगून तिला थोडं तूप-मीठ लागलंच असणार. इथं मात्र जशी घडली तशी लिहायचा प्रयत्न करतो.

घरच्यांचा मी बसू, लातूरचा, गंजगोलाईच्या काठावरचा. मधे गोल बाजार आणि त्यातून चहूकडे फुटलेले रस्ते, गाडीच्या चाकाला आरे असावेत तसे. अपूर्णांक समजून घ्यायला एवढं मोठं साहित्य देवानं दुसऱ्या कुठल्या पोराच्या दारात मांडलं नसेल. आणि त्याच गोलात वाढलेला मी सातवीपर्यंत अपूर्णांकात गचके खात होतो. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, किराणा दुकान होतं. कुणी पावशेर तूरडाळ मागितली की माझा हात बरोबर पावशेरावर थांबायचा. सव्वा, दीड, अडीच हे शब्द मी बोलायला लागल्यापासून माझ्या तोंडात होते. पण शाळेत गुरुजींनी फळ्यावर एक लिहून खाली आडवी रेघ मारली आणि रेघेखाली चार लिहिले, की मला त्यात पावशेर कधी दिसलाच नाही. एक माणूस चौघांच्या खांद्यावर चढून बसलाय असं काहीतरी दिसायचं. अंश वर, छेद खाली, आणि मी त्याच्याही खाली.

असा मी पुढं मास्तर व्हायला निघालो. निरोप समारंभाच्या भाषणात मी सांगतो, की मला जे कळलं नाही ते दुसऱ्यांना कळावं म्हणून मी या पेशात आलो. ते ऐकायला बरं वाटतं. खरं म्हणजे बारावीनंतर दुकानाच्या गादीवर बसायचं नव्हतं आणि नांदेडच्या अध्यापक विद्यालयात नंबर लागला, एवढंच. पण तिथं पहिल्याच सराव पाठात एक गोष्ट झाली. वजाबाकीतला हातचा न कळणारा एक मुलगा काड्यांची जुडी सोडता सोडता एकदम थांबला, माझ्याकडं बघितलं आणि न विचारता पुढची तीन गणितं करून मोकळा झाला. त्याचा तो चेहरा मी संध्याकाळी जेवताना, झोपताना, दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना बघत होतो. त्या दिवशी दुकान माझ्या मनातून कायमचं उतरलं.

अप्पांच्या मनातून ते उतरलेलं नव्हतं. माझा थोरला भाऊ एकटाच दुकान ओढत होता आणि मी आज येतो उद्या येतो अशा आशेवर होता. दिवाळीला घरी गेलो तेव्हा अप्पांनी कपाळावरचं भस्म नीट करत सांगून टाकलं, "बसू, तुमचा तो वार्षिक पाठ हाय न्हवं, परीक्षक येऊन बघतेत तो? त्याच्यात पास झालास तर मास्तर हो. मी अडवणार न्हाई. पर नापास झालास तर आणखी एक वरीस म्हणायचं न्हाई. थोरल्याच्या शेजारी गादीवर येऊन बसायचं." अप्पा आवाज चढवत नसत. त्यामुळं त्यांच्या बोलण्यातून सुटायला जागा राहत नसे.

नांदेडात मी अक्काकडं राहायचो. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. दाजी विष्णुपुरीच्या धरणावर नोकरीला होते. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मी, माझी ट्रंक, दाजींची सायकल आणि ज्वारीचं पोतं असे चौघं झोपायचो. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन वाऱ्यावर यायचं, मग नळाला पाणी आल्याची गल्लीभर बोंब, आणि मग अक्काच्या भाकरी थापण्याचा आवाज. तो आवाज मी आजही ओळखीन. आईच्या भाकरीचा आवाज जड, धप् धप् असायचा. अक्काचा हलका आणि घाईचा, कारण दाजींची बस गाठायची असायची. शहरात येऊन अक्काची भाकर लहान आणि पातळ झाली होती. दाजी म्हणायचे, "तुझ्या भाकरीतून पलीकडचा तवा दिसून राहिलाय." अक्का म्हणायची, "दिसू द्या. दोन जास्त खावा." त्यासोबत अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी आणि शेंगदाण्याची चटणी. आता डॉक्टरांनी मला बरंच काही सोडायला सांगितलंय. मी ऐकतो. अंबाडीच्या वेळी मात्र मला कमी ऐकू येतं.

माझ्या वाट्याला सरावासाठी आलेली शाळा अर्धापूरच्या पुढं होती, केळीच्या बागांमधली जिल्हा परिषदेची शाळा. वर्ग चौथीचा. आणि वार्षिक पाठासाठी घटक आला अपूर्णांक. आमचे पद्धतीचे सर, म्हणजे गणित कसं शिकवावं हे आम्हाला शिकवणारे, त्यांनी चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा माझं तोंड बघून वर्गातली मुलं हसली. सर म्हणाले, "नुसतं फळ्यावर शिकवू नका. पोरांच्या हातात वस्तू द्या. हातात आलं की डोक्यात जातं." मी हे वाक्य मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं.

अर्धापूरकडं जायचं म्हटल्यावर पहिली वस्तू कोणती सुचणार? केळी. वार्षिक पाठाच्या आधीच्या एका तासाला मी डझनभर केळी नेली, एक सोललं आणि सुरीनं त्याचे चार भाग केले. मोठ्या थाटात विचारलं, "किती समान भाग झाले?" सगळा वर्ग माझ्याकडं दयेनं बघायला लागला. ती सगळी केळीवाल्यांची पोरं. एकजण म्हणाला, "गुर्जी, दोन शेंड्याचे अन् दोन मधले." कुणालाच शेंड्याचे नको होते. समान वाटणी शिकवायला गेलेला मी पुढची दहा मिनिटं भांडण सोडवत होतो, आणि तोवर माझा एक चतुर्थांश काळा पडला होता.

मग दाजी मदतीला आले. त्यांनी जाड पुठ्ठ्याच्या चकत्या कापून दिल्या, कंपासनं आखून, कोनमापकानं मोजून, एक निळी, एक लाल, एक पिवळी. इतक्या देखण्या, की मी त्या सायकलवरून नेताना पिशवी छातीशी धरून नेली. मुलांनी त्या हाताळल्या, जुळवल्या, सगळी उत्तरं बरोबर दिली. शेवटी मी मुक्ता नावाच्या मुलीला विचारलं, "आता सांग, तुझ्या घरी अर्धा आणि पाव कुठं कुठं असतो?" मुक्ता शेतकऱ्याची पोर, दोन घट्ट वेण्या, बोलायच्या आधी नाक वर ओढायची सवय. तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "आमच्या घरी पुठ्ठे न्हाईत गुर्जी."

ते मला लागलं. मी स्वतः तसाच होतो. पावशेर दुकानात आणि एक छेद चार शाळेत, दोघांची गाठ कधी पडलीच नव्हती. त्या रात्री जेवताना अक्कानं माझ्या ताटात भाकर वाढली, मी नको म्हटलं, तर म्हणाली, "बरं, चतकोर तरी घे." मी ताटाकडं बघतच राहिलो. अर्धी, चतकोर, आणि चतकोरीचीही अर्धी ती नितकोर. आमच्याकडं भाकरीच्या तुकड्यांना सुद्धा नावं आहेत. मी उठून अक्काला म्हणालो, उद्यापासून मला दहा भाकरी जास्तीच्या लागतील आणि एक सुरी.

अक्कानं उलथणं तव्यावर ठेवलं. "भाकरीला सुरी? कोण शिकवलं तुला हे? भाकर मोडायची असती. कापायला ती काय वडी हाय?"

"मोडली तर समान भाग होत नाहीत गं."

"होतेत. तुला येत न्हाई म्हणून होत न्हाईत. गरम हाय तवर दुमडायची, अंगठ्यानं घडी दाबायची, मग मोड."

आठवडाभर मी भाकरी मोडत होतो. पहिल्या मोडलेल्या भाकरींचे नकाशेच झाले; दाजी एकेक तुकडा उचलून म्हणायचे, "मास्तर, हा तुमचा किनवट तालुका. अन् त्याच्यातलं हे इस्लापूर वेगळं निघालं." मग ते तुकडे वरणात कुस्करून आम्हीच खायचो. हळूहळू हात बसला. घडीवर ओळ धरून भाकर मोडायला लागली तेव्हा मला नोकरी लागल्यासारखा आनंद झाला. पण चाळीस मुलांच्या हातात द्यायच्या तर अक्कानं किती थापायच्या? तिचे खांदे भरून आले होते आणि ती ते बोलत नव्हती. तेव्हा मला वाटलं की मी फार हुशारीचा तोडगा काढला. आदल्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, "उद्या प्रत्येकानं घरून अर्धी भाकर आणायची. आईसमोर बसून नीट मोडून आणायची." दोन अर्ध्या जोडल्या की एक पूर्ण, अर्धीची मोडली की चतकोर, सगळं त्यांच्याच घरचं. परीक्षक खूश, अक्काच्या खांद्याला आराम. सायकलवर मी शीळ घालत परत आलो.

परीक्षक बाई बाहेरच्या जिल्ह्यातून आल्या होत्या. काठाची सुती साडी, चष्मा, मांडीवर माझं पाठ टाचण, म्हणजे तासाला काय विचारायचं आणि मुलांनी काय उत्तर द्यायचं ते आधीच लिहून दिलेलं. शेजारी आमचे सर, माझ्यापेक्षा जास्त घामाघूम. मी सुरुवात झकास केली. मग मुक्ताला पुढं बोलावलं आणि तिच्याबरोबर गजाननला. गजानन हा आजीजवळ राहणारा बारीक अंगाचा मुलगा. "दोघांच्या अर्ध्या भाकरी टेबलावर ठेवा. दोन अर्ध्या मिळून काय होतं ते आपण बघू."

मुक्तानं फडकं सोडलं. तिच्या घरी शेतावर गडी जेवायला असायचे, आणि तिच्या आईची भाकर म्हणजे परातीला पुरून उरणारी. नुसती अर्धीच टेबलाच्या फळीबाहेर आली. गजाननच्या घरी जेवणारे दोघंच, त्यात आजीला दात नाहीत. त्याची अर्धी मुक्ताच्या अर्धीला टेकवली तेव्हा ती मोठ्या बैलाशेजारी वासरू बांधावं तशी दिसायला लागली. वर्ग हसून फुटला. मी घाईनं दुसरी जोडी बोलावली, ती जुळेना. तिसऱ्या जोडीची तर एक ज्वारीची आणि एक बाजरीची. चाळीस घरांतून चाळीस तऱ्हेच्या भाकरी आल्या होत्या, आणि हे माझ्या डोक्यात आदल्या दिवशी आलं नव्हतं. दुकानात एका मापानं सगळ्यांना मोजून देणाऱ्या घरातला मी. सगळ्यांच्या घरची भाकर एकाच मापाची असते असं मी गृहीत धरून बसलो होतो.

"गजानन, ही अर्धीच आहे ना?" मी हळूच विचारलं.

"हाव गुर्जी. आजीनं माझ्यासमोर मोडली. दुसरी अर्धी तिनं खाल्ली."

"माझी बी अर्धीच हाय," मुक्ता म्हणाली. "गुर्जीच म्हणले अर्धी आणा म्हणून."

परीक्षक बाईंनी काहीतरी लिहिलं. मग त्या उठून पुढं आल्या. बहुतेक मला सावरून घ्यायलाच आल्या असतील. तेव्हा मला तसं वाटलं नाही. त्यांनी वर्गाला सरळ प्रश्न टाकला, माझ्या टाचणातलाच. "सांगा बरं, अर्धी भाकर मोठी की चतकोर?"

"अर्धी," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. मुक्ता सोडून.

"तू का गप्प?"

मुक्तानं नाक ओढलं. "कुणाच्या घरची?"

"कुणाच्याही घरची."

"मग न्हाई सांगता येत. आमची चतकोर याच्या अर्धीहून मोठी हाय."

बाई म्हणाल्या, "चूक. अर्धा हा पावापेक्षा नेहमी मोठाच असतो." आणि माझ्याकडं वळल्या. "गुरुजी, हिचं उत्तर दुरुस्त करून घ्या आणि पुढं चला. वेळ कमी आहे."

माझ्या टाचणात उत्तर लिहिलेलं होतं: अर्धी मोठी. ते म्हणायला एक क्षण पुरला असता. आमचे सर मागून मान हलवून सांगत होते, म्हण आणि सूट. मला अप्पा दिसले, गादी दिसली, माझी वाट बघणारा थोरला दिसला. पण समोर मुक्ता उभी होती आणि तिच्या तोंडावर ते दिसत होतं, त्या काड्यांच्या जुडीवाल्या मुलाच्या तोंडावर होतं ते. तिला काहीतरी कळलं होतं. मी ते आता चूक म्हणालो असतो, तर ती माझ्यासारखीच घरची चतकोर घरी ठेवून शाळेत यायला लागली असती.

मी म्हणालो, "मॅडम, तिचं बरोबर आहे." आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

 बाई खुर्चीवर परत गेल्या नाहीत, तिथंच हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मी मुक्ताची अर्धी हातात घेतली. ती सकाळची, वाळलेली, घडी घालता येण्यातली नव्हती. पण आठवडाभर मोडलेल्या भाकरी त्या वेळी उपयोगी पडल्या. अंगठा मधोमध रोवून मोडली. ती चतकोर मी गजाननच्या अर्धीवर ठेवली. चहूबाजूंनी बाहेर आली. 

"आता सांगा," मी म्हणालो, "पाव हा अर्ध्यापेक्षा मोठा असं फळ्यावर लिहू का?"

कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना.  सराव पाठात गप्प राहायची आम्हाला भीती वाटायची. सर म्हणायचे, वर्ग गप्प पडला की पाठ पडला. पण ती मुलं गप्प पडलेली नव्हती, बघत होती. शेवटी गजाननच पुढं झाला. त्यानं आपली भाकर मुक्ताच्या भाकरीखालून ओढून बाजूला घेतली, जरा रागानंच, आणि म्हणाला, "तिची चतकोर तिच्या अर्धीवर ठेवा की. माझ्यावर कामून ठेवून राहिले?"

मी तिच्या दोन्ही चतकोर टेकवून तिची अर्धी पुन्हा जुळवली आणि त्यातली एक उचलून दाखवली. अर्ध्यातली अर्धी. मग गजाननची चतकोर, गजाननच्याच अर्धीतून मोडलेली. मग तिसऱ्या जोडीतली बाजरीची, बाजरीच्याच अर्धीतून. आता कुणी सांगायची गरज राहिली नव्हती, मुलं आपापल्या जागी आपापल्या भाकरी मोडून आपापल्या अर्धीतच जुळवायला लागली होती. मी फळ्याकडं गेलो आणि टाचणात नसलेली ओळ लिहिली: एकाच भाकरीची अर्धी ही तिच्या चतकोरीपेक्षा मोठी. लिहिता लिहिता मलाही ते तेव्हाच कळत होतं, हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. एक छेद चार म्हणजे नुसता आकडा नाही, तो कशाचा हे विचारल्याशिवाय त्याला वजन नाही. लहानपणी दुकानात मी पावशेर म्हटलं की शेर तिथं समोरच असायचा. शाळेत तो शेरच कुणी ठेवला नव्हता.

बाई पुन्हा मुक्ताजवळ गेल्या. या वेळी त्यांचा आवाज परीक्षेचा नव्हता. "तुझी चतकोर आणि गजाननची चतकोर, दोन्ही सारख्या का गं?"

मुक्तानं दोन्हीकडं बघितलं. "नावानं सारख्या," ती म्हणाली. "खायला न्हाईत."

बाई हसल्या. आमच्या सरांनी तेव्हा पहिल्यांदा रुमाल खिशात घातला.

घंटा झाली. मुलांना आता साहित्य गोळा करून द्या असं सांगायला हवं होतं, पण ते साहित्य पोरांच्या पोटात चाललं होतं. कुणीतरी चटणी काढली. मुक्तानं आपली चतकोर बाईंच्या हातावर ठेवली, वर चटणीचा गोळा. बाईंनी नको म्हणून पाहिलं, मग उभ्या उभ्याच तोडून खायला लागल्या. त्यांना ती संपेना.

"हे टाचणात नव्हतं," त्या घास गिळून म्हणाल्या.

"नव्हतं मॅडम."

"आणि एकाच मापाची वस्तू मुलांना द्यावी, हे साधं तुम्हाला सुचलं नाही."

"नाही मॅडम."

त्यांनी राहिलेला तुकडा घडी घालून रुमालात बांधला, पर्समध्ये ठेवला आणि निघताना म्हणाल्या, "तुमच्या स्वतःच्या वर्गावर हा पाठ घ्याल, तेव्हा भाकरी अशाच आणायला सांगा. मुद्दाम."

मी दारातच उभा राहिलो. सर जवळ येऊन कानाशी विचारायला लागले, काय म्हणल्या, काय म्हणल्या.  तुमच्या स्वतःच्या वर्गावर, एवढंच मला ऐकू येत होतं. आज नोकरीची एवढी वर्षं झाली, किती अधिकारी आले आणि काय काय शेरे लिहून गेले, त्यातला एकही मला शब्दशः आठवत नाही.

निकाल लागला त्या संध्याकाळी मी अक्कासोबत एसटीडी बूथवर गेलो आणि लातूरला दुकानाशेजारच्या घरी फोन लावला. अप्पांना बोलवायला पोरगं पळालं. ते यायला वेळ लागला. पलीकडं बाजाराचा आवाज, कुणाचीतरी हातगाडी, वजनं आपटल्याचा खणखणाट ऐकू येत होता. अप्पा फोन नेहमी कानापासून लांब धरायचे आणि पलीकडच्या माणसाला गाव ओलांडून हाक मारल्यासारखं बोलायचे.

"काय झालं?"

"पास झालो अप्पा."

बाजाराचा आवाज तसाच चालू राहिला. मला वाटलं फोन तुटला. अक्कानं माझ्या हातातून घ्यायला हात पुढं केला.

"बरं," अप्पा म्हणाले. या वेळी आवाज लहान होता. "थोरल्याला सांगतो मग. म्हणावं, बसूची वाट बघू नको आता."